धुराचे ऋण

गेल्या माघात एका संध्याकाळी माझ्या एका दिवंगत स्नेह्याचा मुलगा घरी आला. उद्यमबागेत वडिलांनी उभारलेली फौंड्री आता तो चालवितो. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे बिडाचे भाग ओतून तो पुण्याकडच्या एका कारखानदाराला पुरवितो. तेथे त्यांवर पुढील काम होऊन ते युरोपात जातात. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून एक छापील तक्ता काढून माझ्यासमोर ठेवला.

‘‘काका, एक किलो माल ओतताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते यात भरून द्यायचे आहे. एक सल्लागार म्हणतो, खरा आकडा काढण्याच्या भानगडीत कशाला पडता, शोभेल असा आकडा मी बसवून देतो. समोरच्यालाही शेवटी कागदच हवा असतो. तुम्ही जन्मभर सरकारी तपासण्या केल्यात. यात वावगे काय आहे, ते तुम्हीच सांगा.’’

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कारण त्याला ठाऊक नव्हते. ते आज येथे सांगणे मला प्राप्त आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कारखान्यांना भेटी देऊन अहवाल लिहिणे हे माझे काम होते. त्या काळी ओतशाळांमध्ये कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्ट्या असत. भट्टी पेटली की काळा धूर वस्तीवर उतरे आणि वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसे. एका कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुऊन काढणारे साधन बसविले होते आणि ते चालते की नाही, हे मला पाहायचे होते. मी गेलो त्या दिवशी फवारा उत्तम चालू होता. परंतु टाकीच्या तळाशी गाळ नव्हता आणि नळीच्या तोंडाशी जुना गंज होता. एरवी ते यंत्र बंद असते, हे समजण्यास फार बुद्धी लागत नव्हती. मालकाने आढेवेढे घेतले नाहीत. ‘‘साहेब, हा पंप रोज चालवला तर माझा माल शेजाऱ्यापेक्षा महाग होतो. तो चालवत नाही. मी चालवला तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल, धूर तेवढाच राहील आणि माझी पन्नास माणसे घरी बसतील.’’ मी अहवालात ‘समाधानकारक’ असे लिहिले आणि सही केली. पैसा घेतला नाही, म्हणून मी स्वतःला प्रामाणिक समजत राहिलो.

आज चार दशकांनंतर स्नेह्याच्या मुलाने तोच प्रश्न नव्या वेषात माझ्यापुढे ठेवला होता. स्वच्छ राहिल्याने धंदा बुडत असेल आणि धंदा बुडूनही धूर कमी होत नसेल, तर स्वच्छ राहण्याचे कर्तव्य उरते काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे.

प्रथम त्या तक्त्याविषयी. युरोपीय संघाने बाहेरून येणारे लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांवर, ते तयार करताना हवेत गेलेल्या कार्बनच्या प्रमाणात आकारणी करण्याचा कायदा केला. १ ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून पैशांची जबाबदारी सुरू झाली. पंपांचे व व्हॉल्व्हचे भाग त्या यादीत थेट येत नाहीत. तथापि यादी वाढविण्याचा प्रस्ताव २०२५ च्या डिसेंबरात मांडला गेला आहे आणि मोठे खरेदीदार आधीपासूनच आपल्या पुरवठादारांकडे हिशेब मागू लागले आहेत. या व्यवस्थेच्या नावातच ‘सीमा’ हा शब्द आहे. आपण सीमाभागातली माणसे. कागदावरची एक रेष माणसाच्या पोटापाण्यात आणि भाषेत किती खोल जाऊ शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. परंतु धूर रेष मानीत नाही. कोगनोळीच्या नाक्यावर मालाची गाडी थांबते. गोकुळ शिरगावचा आणि उद्यमबागेचा धूर मात्र कोणाला न विचारता एकाच आकाशात मिसळतो.

आता त्या तरुणाचा आकडा पाहू. वडिलांची कुपोला भट्टी त्याने केव्हाच मोडली आणि विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसविली. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या कारखान्यातून धूर निघतच नाही. आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन मांडणी केली. कुपोलात १ टन बीड वितळविण्यास साधारण १२० ते १५० किलो कोक लागे. १ किलो कोक जळाला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे टनामागे ४०० किलोंच्या आसपास. विजेच्या भट्टीला त्याच १ टनास ६०० युनिटांच्या जवळपास वीज लागते. आपल्या देशातील विजेच्या जाळ्याचा सरासरी हिशेब धरला, तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ६०० युनिटांचे ४२० किलो झाले. तो तरुण कागदाकडे पाहतच राहिला. उद्यमबागेतली चिमणी गेली होती. धूर मात्र रायचूरजवळच्या शक्तिनगरला जाऊन राहिला होता.

याचा अर्थ भट्टी बदलणे व्यर्थ ठरले, असा नव्हे. शेजारच्या मुलांच्या छातीत जाणारी काजळी आणि गंधकाचा वायू थांबला, हे थोडे नाही. शिवाय कोकची भट्टी कितीही वर्षांनी कोकच मागणार. विजेची भट्टी मात्र जशी वीज स्वच्छ होईल तशी आपोआप स्वच्छ होत जाते. कर्नाटकात पावगड्याचे २०५० मेगावॅटचे सौरक्षेत्र उभे राहिले आहे, वाऱ्याची आणि शरावतीच्या पाण्याची वीज आहे. परंतु नीतीच्या दृष्टीने जो धडा घ्यायचा तो असा, की दृष्टीआड झालेली गोष्ट नाहीशी झाली असे मानण्याची आपल्याला सवय असते. माझ्या त्या जुन्या अहवालाचे मूळही याच सवयीत होते.

स्पर्धेचा युक्तिवाद खोटा आहे, असेही मी म्हणणार नाही. त्याची साक्ष आपल्या शहरातच आहे. यमनापूरला इंडियन ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना १९७० च्या सुमारास उभा राहिला. ॲल्युमिनियम म्हणजे विजेचा घनरूप अवतारच. १ टन धातूस १४ ते १५ हजार युनिटे लागतात. त्या काळी कर्नाटकाची वीज जवळजवळ सर्व पाण्याची होती. रायचूरचे पहिले औष्णिक केंद्र सुरू झाले ते १९८५ साली. म्हणजे बेळगावात प्रथम वितळलेला तो धातू आजच्या भाषेत ‘हरित’ म्हणावा असा होता. हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता, इतकेच. पुढे विजेचा तुटवडा आणि विजेचे दर यांपुढे येथील धातू बनविणाऱ्या भट्ट्या टिकल्या नाहीत. आज हिंडाल्कोच्या नावाने चालणाऱ्या त्या कारखान्यात ॲल्युमिना तयार होते. धातू मात्र ओडिशा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश येथे कोळशाच्या स्वतंत्र वीजकेंद्रांच्या बळावर बनतो. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर १ टन धातूमागे विजेपोटीच १४ टनांचा धूर झाला. येथे स्वच्छ हरला आणि मळका जिंकला. कोणी दुष्ट होता म्हणून नव्हे. बाजाराच्या तराजूत धुराचे वजन शून्य धरले होते, म्हणून.

मग एकट्या दुकट्या सज्जनाने काय करावे? लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त, पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी मानणाऱ्या पाश्चात्त्य पंथाची चिकित्सा केली आहे. केवळ बाह्य परिणाम मोजून कर्माचे बरेवाईट ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तरुणपणी हे वाचून मी भारावलो होतो. आज मात्र मला एक अडचण दिसते. हवेत गेलेल्या वायूला कर्त्याची बुद्धी कळत नाही. शुद्ध हेतूने सोडलेला धूरही तितकाच तापतो. येथे परिणाम मोजावाच लागतो, आणि तो किलोत मोजावा लागतो. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. केवळ परिणामच मोजायचा म्हटले, तर प्रत्येक जण ‘माझ्या एकट्याने काय होणार’ असे म्हणून मोकळा होतो, कारण एकेकट्याचा वाटा खरोखरच नगण्य असतो. तेव्हा मोजमाप परिणामाचे आणि जबाबदारी बुद्धीची, अशी दोहोंची सांगड घातल्यावाचून हा प्रश्न सुटत नाही.

त्या तरुणाचा खरा संताप वेगळाच होता. ‘‘काका, त्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती केली. आता आमची पाळी आली तर आम्हाला दंड. त्यांच्या जुन्या धुराचा हिशेब कोण देणार?’’ हा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. आजही भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. युरोपात ५ ते ६ टन, तर अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. जबाबदारी सर्वांची, परंतु प्रत्येकाची त्याच्या वकुबाप्रमाणे निरनिराळी, हे तत्त्व १९९२ च्या जागतिक करारातच मान्य झालेले आहे.

येथे मला आपल्या जुन्या धर्मशास्त्राची आठवण होते. जुन्या घराण्यांतल्या वाचकांना वडिलांचे कर्ज मुलाने फेडावे, हा दंडक ठाऊक असेल. कित्येकांच्या माजघरातल्या पेटीत आजोबांची कर्जखते अजून असतील. न्यायालयेही मुलाचे हे धार्मिक कर्तव्य मानीत असत. अपवाद होता तो जुगार, मद्य अशा अनीतीच्या कर्जाचा. आणि ज्याने इस्टेट घेतली त्याने देणेही घ्यावे, हा त्यामागचा साधा न्याय होता. २००५ च्या वारसा दुरुस्ती कायद्याने त्यानंतरच्या कर्जांपुरते हे बंधन उठविले. आता केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारे सावकाराला मुलावर किंवा नातवावर दावा लावता येत नाही.

हा न्याय धुराला लावून पाहा. युरोपच्या पणजोबांनी कर्ज काढले. त्यांना त्याची जाणीव नव्हती, म्हणून त्यांना पापी म्हणता येणार नाही. परंतु त्या कर्जावर उभारलेली इस्टेट नातवंडे उपभोगीत आहेत. जुन्या न्यायाने देणे त्यांच्यावर चालत येते आणि ते आपण निक्षून मागितले पाहिजे. सीमेवर गोळा होणारा पैसा गरीब देशांच्या भट्ट्या सुधारण्यास न वापरता स्वतःच्या तिजोरीत ठेवणे, ही मला तरी अर्धी नीती वाटते.

परंतु येथे एक सूक्ष्म चूक होण्याचा संभव असतो. शेजाऱ्याने कर्ज बुडविले म्हणून माझे कर्ज फिटत नाही. त्यांचे खाते वेगळे, माझे वेगळे. त्यांच्या खात्यावर निदान अज्ञानाची सबब लिहिलेली आहे. आपण मात्र सर्व जाणून कर्ज काढीत आहोत. जाणूनबुजून काढलेले, नातवाने फेडायचे असे ते कर्ज आहे. धुरातला काही भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. सावकाराला कायद्याने अडविता येते. आकाशाला २००५ चा कायदा ठाऊक नाही.

दुसरे असे, की ‘खर्च वाढला तर धंदा दुसरीकडे जाईल’ हे वाक्य आपण पूर्वीही ऐकलेले आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत झाडणे, चाळणे, निवडणे ही कामे करणाऱ्या स्त्रियांच्या छातीत वर्षानुवर्षे तंबाखूची धूळ जात होती. तंबाखूच्या भावात त्या धुळीची किंमत कधी धरलेली नव्हती. त्या स्त्रिया जेव्हा संघटित होऊ लागल्या, तेव्हा व्यापार उठून जाईल, अशी भाषा मी स्वतः निपाणीच्या पेठेत ऐकली आहे. त्यांच्या त्या संघटनेवर छाया दातार यांनी १९८९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. तो माल जितका स्वस्त होता, तितका तो त्या स्त्रियांच्या श्वासातून स्वस्त झालेला होता. ज्या स्वस्ताईचा काही भाग तिसराच कोणी भरतो, तिला कार्यक्षमता म्हणणे मला पटत नाही. तिला उधारी म्हणावे. धुराच्या बाबतीत हा तिसरा माणूस अजून जन्मलेला नाही, एवढाच फरक.

तथापि, उधारी फेडताना एकालाच बुडविणे हाही न्याय नव्हे. माझ्या त्या जुन्या कारखानदाराची अडचण खरी होती. पंप सर्वांनी चालविला असता तर कोणाचाच माल तुलनेने महाग झाला नसता. त्याला एकट्याने संत होण्याचा उपदेश करण्यापेक्षा सर्वांना सारखा नियम लावणे हे माझ्या खुर्चीचे काम होते. ते मी केले नाही. दया म्हणून मी जे केले, त्याने प्रत्यक्षात खोटे बोलणाऱ्याला आधार दिला आणि शेजारी एखादा खरोखर पंप चालविणारा असेल, तर त्याला शिक्षा दिली. नियम सर्वांना सारखा असणे, यातच दुर्बल सज्जनाचे रक्षण असते. आपल्या देशातही २०२३ साली कार्बनच्या खरेदी-विक्रीची योजना अधिसूचित झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ॲल्युमिनियम, सिमेंट आदी उद्योगांना मर्यादा ठरवून देणारे नियम आले. स्वदेशात भरलेली कार्बनची किंमत युरोपच्या आकारणीतून वजा मिळण्याची तरतूद आहे. देणे द्यायचेच असेल तर ते आपल्या घरी द्यावे, यात व्यवहारही आहे.

लहान माणसाला जे एकट्याने पेलत नाही, ते सर्वांनी मिळून उचलण्याची रीत आपल्या मुलखाला नवी नाही. हुक्केरीला ग्रामीण वीज सहकारी संस्था १९६९ पासून आहे. संकेश्वरपासून कागलपर्यंतच्या सहकारी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या थेंबाथेंबातून भांडवल उभे केले. १ टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओले चिपाड उरते. उंच दाबाच्या बॉयलरमध्ये ते जाळले, तर कारखाना चालून वीज उरते. त्याचा धूर म्हणजे उसाने वर्षभरात हवेतून घेतलेलेच परत करणे. अर्थात ही वीज मुख्यतः हंगामापुरती आणि उसाला पाणी भरमसाट, हेही लपवू नये. बेळगावच्या फौंड्रीवाल्यांनी वापरलेली वाळू पुन्हा उपयोगात आणण्यासाठी सामाईक केंद्र उभारले. ऊर्जा बचतीच्या एका राष्ट्रीय प्रकल्पात ओतकामासाठी निवडलेल्या तीन ठिकाणांत कोइम्बतूर व इंदूर यांच्या जोडीला बेळगाव होते. मिळून घेतलेली सौर वीज, मिळून नेमलेला एक जाणकार मोजणीदार, या गोष्टी आजही अशक्य नाहीत.

आणि पुष्कळशी सुधारणा तर फुकटचीच असते. त्या रात्री हिशेब करताना त्या तरुणाच्या ध्यानात आले, की त्याची भट्टी साच्यांची वाट पाहत कित्येकदा उघड्या तोंडाने तापत राहते. त्याचे ओतलेले काही भाग दोषामुळे भंगारात जातात, पुन्हा वितळतात आणि त्या एका भागासाठी दोनदा वीज जळते. भट्टीवर झाकण ठेवणे आणि दोषी माल कमी करणे, यात धूर आणि खर्च दोन्ही वाचतात. नीती आणि नफा यांचा झगडा जितका आपण रंगवितो, तितका तो पहिल्या पायरीवर तरी नसतो. पुढच्या पायऱ्यांवर तो येतो, हेही मी त्याला सांगितले. तेथे काही तरी गमवावे लागेल.

उरतो तो सल्लागाराने बसवून द्यायच्या आकड्याचा प्रश्न. त्याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. कर्ज ताबडतोब फेडता येत नसेल, तर माणूस क्षम्य आहे. कर्जाची वहीच खोटी लिहिणारा मात्र फेडण्याची वाटच बंद करून टाकतो. खोटा आकडा देणारा आपला शेजारी जो खरा आकडा देतो त्याला मारतो, खरेदीदाराला झोपवितो आणि शेवटी स्वतःलाही फसवितो, कारण आपली वीज कोठे वाया जाते हे त्याला कधीच कळत नाही. माझ्या ‘समाधानकारक’ या एका शब्दाने हेच केले होते. फवारा कोरडा आहे असे मी लिहिले असते, तर कदाचित त्या कारखान्याला मुदत मिळाली असती, कदाचित शेजाऱ्यालाही नोटीस गेली असती. काय झाले असते ते आता कळण्याचा मार्ग नाही. तो कारखाना पुढे बंदच पडला. माझी सही काही त्याला वाचवू शकली नाही.

हे सर्व मी त्या मुलाला सांगितले. फवाऱ्याची हकीकत सांगताना मला त्याच्याकडे पाहणे जड गेले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर एवढेच म्हणाला, ‘‘काका, बाबांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती.’’ त्याच्या वडिलांना ती ठाऊक होती, कारण तो शेजारी म्हणजे तेच होते.

चार-पाच दिवसांनी तो पुन्हा आला. महिन्याची वीजबिले आणि ओतलेल्या मालाची वजने त्याने आणली होती. आम्ही तक्ता भरला. आकडा सल्लागाराच्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघाला. त्याने तो दोनदा तपासला, सही केली आणि कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पुण्याहून पुढची मागणी आली किंवा कसे, हे मला अद्याप कळलेले नाही. परवा मी सहज त्या बाजूने गेलो होतो. भट्टीवर झाकण होते.